एक पुस्तक कमी

समिती येणार म्हणून
विट्याहून टेम्पोभर पुस्तकं आणली, उसनी.
रात्री दीडपर्यंत मी आणि बाबर शिपाई
त्यांच्या शिक्क्यांवर आमची लेबलं डकवत बसलो.
खळ संपली, तेव्हा भात चोळला.

सकाळी साहेबांनी टेप लावून खोली मोजली.
भरली.
प्राध्यापक मोजले. तेही भरले;
दोघे मिरजेचे, दिवसापुरते,
नाव विचारलं की जरा थांबून सांगणारे.

समितीतल्या बाईंनी बालमानसशास्त्र उघडलं.
लेबलाच्या कडेला शीत.
नखानं काढलं,
माझ्याकडे बघितलं,
पुस्तक मिटलं.

तेव्हा पलीकडच्या शाळेत
तसलीम नदाफचा सतरावा पाठ चालू होता.
पोरानं विचारलं, बाई,
बोअरचं पाणी संपतं म्हणजे जातं कुठं?
तिनं खडू ठेवला.
मला नीट माहीत नाही, म्हणाली,
उद्या बघून सांगते.

तिकडं कुणी फिरकलं नाही.
फॉर्मात तसला रकाना नव्हता.

संध्याकाळी ती आली, भूजलावर काही आहे का सर?
बाबर पोती शिवत होता.
एकाची शिवण उसवून
मी हात घातला आत, खोलवर.

जतला मान्यता आली.
विट्याला एक पुस्तक कमी गेलं.