नाडी

वर्गात मी मुलांना सांगतो, गोष्ट नको.
गोष्ट तिकीट फाडणाऱ्यालाही ठाऊक असते.
सिनेमा कशाबद्दल आहे ते लिहा, एका वाक्यात.
मुलं लिहितात : प्रामाणिकपणा. लिहितात : माणुसकी.
खिडकीबाहेर बिश्केकच्या धुरात डोंगर मळलेले,
आणि मी लाल शाईनं विचारतो : कुठे दिसलं?

मला ते एका म्हातारीनं दाखवलं होतं.

बाबा उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर सिनेमा न्यायचे.
ट्रकमध्ये जनरेटर, प्रोजेक्टर, रिळांचे सहा डबे,
डब्यांना टेकून मी.
सागिनची जागा रिकामी होती.
आठवड्यापूर्वी बाबांनी त्याला खिंडीत उतरवलं,
वळकटीसकट. सहाव्या डब्याचं झाकण
रात्रभर उघडं राहिलं, गारा पडल्या,
शेवटची वीस मिनिटं धुऊन पांढरी झाली.
सागिन एवढंच म्हणाला, मी लावलं होतं झाकण.
मग ट्रकमागे थोडं चालला.

पडदा दोन यूर्तांच्या मधे दोरीवर.
वारा सुटला की नावाड्याचं पोट फुगायचं, पोरं हसायची.
गोष्ट अशी : नदीकाठच्या गावात लोकरीचे पैसे चोरीला जातात.
एका अनाथ गाडीवानाला धरून नेतात.
मग पाठलाग, पुरात घोडा, गोळीबार,
आणि पाचव्या रिळाच्या टोकाला
फट्‌फट्‌ करत रिकामं चाक.

लोक भांडायला लागले. घोडा वाचला असेल का?
चोर अध्यक्षाचा जावई की सावकार?
घोडीचं आंबलेलं दूध फिरत होतं, पैजा लागत होत्या.

उमसुनाय आजी बोलली नव्हती.
ती कुरणातली नाडी बघणारी. मनगटावर तीन बोटं ठेवायची
आणि गुडघ्याचं दुखणं सांगायची, कधी सुनेचं.
ती म्हणाली, तिसरा डबा परत लाव.
बाबा म्हणाले, पेट्रोल संपेल.
ती म्हणाली, एक मेंढी घे.

परत लावला.
शिपाई नावाड्याला विचारतो : रात्री कुणी पलीकडे गेलं?
नावाडी खाली वाकतो, बुटाची नाडी बांधतो.
वर येतो, म्हणतो : रात्री मी झोपतो.

बांधलेलीच होती, आजी म्हणाली. दुहेरी गाठ.
आधी सोडली त्यानं, मग बांधली.
घोडा राहू दे. सिनेमा या गाठीत आहे.

कुणी काही बोललं नाही.
चौथं रीळ सुरूच राहिलं, गोळ्या सुटत राहिल्या,
पण आता कुणी ओरडेना.
माझ्या मागचा एक मेंढपाळ उठला
आणि अंधारात बराच वेळ
आपल्या घोड्याचा तंग आवळत राहिला.

मी बारा वर्षांचा होतो.
सहावा डबा मी उघडला होता. नायिका बघायला,
उन्हात धरून, एकेक चौकट.
बाबांनी विचारलं होतं, झाकण कुणी काढलं?
तेव्हा मी भिंग पुसत होतो, मूग गिळून.
भिंग स्वच्छ होतं.

सकाळी आजीनं सगळ्या पोरांची मनगटं धरली.
माझं जरा जास्त वेळ.
जीभ दाखव, म्हणाली.
मी दाखवली. तिनं पाहिली आणि सोडून दिलं.

सागिन पुढे ओशच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करायचा म्हणतात.
दोनदा ओशला गेलो. दोन्हीदा जर्दाळू घेऊन आलो.

दरवर्षी वर्गात हा सिनेमा मी तोंडी सांगतो.
त्याची प्रत आता कुठेच नाही.
यंदा आयझिरेक नावाच्या मुलीनं विचारलं,
शेवटी काय होतं, सर?
शेवटचं रीळ खराब झालं.
कुणी केलं?

मी खडू उचलायला वाकलो.
वाकल्यावर कळलं, खडू माझ्या मुठीत आहे.
तिलाही कळलं असावं.
वर आलो तेव्हा ती मान खाली घालून
वहीत काहीतरी लिहीत होती,
फार तर एक वाक्य.