हिला पाणी मागाहून

मिऱ्या बंदराच्या अलीकडे, बर्फाच्या कारखान्याला लागून
जी पत्र्याची शेड आहे, तिथे माझी रात्र असते.
तीन फोर्कलिफ्ट, तीन चार्जर,
भिंतीला एक खिळा.

आत शिरताना सगळं त्या खिळ्यावर काढायचं.
रुपेशचं कडं, शौकतचाचांचं घड्याळ,
माझी अंगठी, माझं मंगळसूत्र
(सासूला हे अजून सांगितलेलं नाही).
पहिल्या दिवशी चाचांनी डावं बोट पुढे केलं,
अंगठीच्या जागी गोल, गुळगुळीत चट्टा.
पाना धरलेला हात दोन टर्मिनलांच्या मध्ये आला, एवढंच.
"सोनं वितळलं," म्हणाले,
"निकाह कातडीत राहिला, बघ."
आणि स्वतःच हसले.

मी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन उचलला
तर ओरडले, थांब गो!
आपल्यात पाहुणा आला की आधी गूळपाणी.
हिला पाणी मागाहून.
आत डोकाव. प्लेटी उघड्या दिसतात?
तर बुडतील इतकंच, थेंबभर वर नाही.
मग पोटभर चार्ज होऊ दे.
भरताना हिचं पाणी फुगतं, वर चढतं,
आधी ओतलंस तर उतू जाईल
आणि उतू जाईल ते दूध नव्हे.

एकदा मी माहेरच्या विहिरीचं पाणी आणलं होतं,
गावखडीचं. सगळी वाडी ज्यावर जगते ते.
चाचांनी बाटली तोंडाला लावली, अर्धी संपवली,
म्हणाले, गोड आहे. म्हणजे त्यात माती आहे.
हिला असं पाणी लागतं
ज्याला कुठलंच गाव नाही.

भरत आलेली बॅटरी बुडबुडते,
कान लावला तर खाजणात खेकडे चालल्यासारखी.
त्या बुडबुड्यांतून जे निघतं
त्याला रंग नाही, वास नाही,
ते उगाच वर जाऊन पत्र्याखाली बसतं
आणि एका ठिणगीची वाट बघतं.
म्हणून झाकण उघडं, खिडक्या सताड,
आणि बिडी पार त्या धक्क्याच्या टोकाला,
तू मुकादम असलास तरी.
आधी स्विच, मग प्लग.
आधी स्विच, मग प्लग.
मी हे झोपेतही म्हणते असं नवरा सांगतो.

मे संपला तसे चाचा रिटायर झाले.
जूनला मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारल्या,
पेडणेकर साहेबांनी शेडला कुलूप घातलं :
माल नाही, काम नाही, वीजबिल कशाला?
मी गप्प घरी आले. तिसऱ्या दिवशी राजिवड्याहून फोन.
"साहेबाला सांग, होडी ओढून ठेवली तर टिकते.
ही उपाशी निजली की आत पांढरं साचतं,
मग नारळीपौर्णिमेला उठवशील, उठणार नाही.
नव्या बॅटरीची किंमत सांग त्याला. आधी ती सांग."

किंमत ऐकून साहेबांनी चावी दिली.

तर आता पंधरा दिवसांनी एकदा मी एकटीच येते.
चष्मा, हातमोजे, रबरी एप्रन,
कोपऱ्यात डोळे धुवायचं पाणी, सोड्याचा डबा.
खाऱ्या हवेने टर्मिनलांवर हिरवट बुरा धरलेला असतो,
तो सोड्याच्या पाण्याने पुसते, वर व्हॅसलिनचं बोट.
पहाटे काचेच्या नळीत तरंगता काटा बघते :
बाराशे ऐंशी. चोविसांपैकी तेवीस घरांत.
सतरावं मागे आहे. वहीत लिहून ठेवते.
मग स्विच. मग प्लग.
मग पाणी, खुणेपर्यंत, सावकाश.

खिळ्यावर चाचांचं घड्याळ अजून आहे.
मी फोन केला, विसरलात म्हणून.
"विसरलो नाय. पाणी घातलंस?"
घातलं.
"कधी?"
मागाहून.
पलीकडे थोडा वेळ नुसता समुद्र ऐकू आला.
"बरं. ते दहा मिनिटं पुढे आहे.
मागे करू नको."