तीन पायऱ्या

दुकानाच्या आतल्या दारामागं
खडूनं आमचे आकडे लिहिलेले असायचे.
हिंगमिरे मामा, एकोणचाळीस जोड.
रझिया, तेहतीस.
मी, नऊ.
माझा नऊ शेठनं जरा दाबूनच काढलाय
असं मला वाटायचं.

काउंटरच्या टोकाला उभी राहून
मी माणसं रस्त्यावरच निकालात काढायची.
हा मेढ्याचा, एसटीला वेळ आहे म्हणून शिरतोय.
ही बघून जाणार, मोती चौकात पन्नास कमी सांगतात.
हे कॉलेजचं जोडपं, पंख्याखाली उभं राहायला.
आणि खरंच, कुणी घ्यायचं नाही.
माझं भाकीत खरं ठरायचं
आणि त्याचा मला, खोटं कशाला बोलू,
थोडा आनंदही व्हायचा.

कंपनीचा माणूस आला पुण्याहून.
पोवई नाक्यावरच्या हॉटेलात
आम्हाला खुर्च्यांवरून उठवून
'मी विकू शकतो!' असं तीनदा ओरडायला लावलं.
पडद्यावरच्या 'सकारात्मक'मधला एक काना गळला होता.
मामा हळूच म्हणाले, "विकू शकतो, पण घसा बसलाय."
आणि वाट्याचा समोसा कागदात गुंडाळून
नातीसाठी पिशवीत ठेवला.

परत चालत आलो.
राजपथावर दिवे लागत होते.
"पोरी, आपल्या दुकानाला पायऱ्या किती?"
रोज मीच झाडते. तीन.
"मग तीन पायऱ्या चढून
नाही म्हणायला कोण येतंय?
ते तर खालनंबी म्हणता येतं."

एवढंच.
पुढं ते डाळिंबाच्या भावावर बोलत राहिले.

मग मी त्यांचे हात बघू लागले.
पहिल्या खोक्याचं झाकण जसं उचलायचे
तसंच सातव्याचं.
आतला पातळ कागद बाजूला सारायचे
झोपलेल्या बाळाच्या तोंडावरचं पांघरूण सारावं तसा,
की याच खोक्यात, याच पायासाठी
कुणीतरी वाट बघत बसलंय.
माझ्या हातातलं तिसरं खोकं
उघडतानाच बंद व्हायच्या तयारीत असायचं.
गिऱ्हाइकाला ते दिसत होतं.
मलाच दिसत नव्हतं.

एका मंगळवारी कोरेगावकडचा पोरगा आला,
पोलीस भरतीचा. सोळाशे मीटर.
डावा पाय उजव्याहून अर्धा नंबर मोठा.
'नाही मिळायचा' अगदी ओठांवर आलं होतं.
गिळलं. म्हटलं, "बस. बघू."
अकरा खोकी काढली. शिडी चारदा चढले.
किती सेकंद कमी पडतात विचारलं.
सात, म्हणाला.
त्या सात सेकंदांवर आम्ही बराच वेळ बोललो.
मग तो उठला, "आईला विचारून येतो,"
आणि पायऱ्या उतरून गेला.

खोकी भरताना लक्षात आलं,
मी कागदाची प्रत्येक घडी
नीट घालतेय,
पुढच्या पायासाठी.

दिवाळीनंतर खडूनं माझे एकतीस लिहिले.
आता दिवाळीच होती, बोनस झाले होते,
सगळ्यांचेच वाढले, तेव्हा फुशारकी नको.
मामांचे मात्र बावीस. मोतीबिंदू.
तळावरचा नंबर दिसत नाही,
मला हाक मारतात, "वाच गं, आठ का नऊ?"
मी वाचते.
आणि ते गिऱ्हाइकाकडं वळून
पूर्वीइतक्याच खात्रीनं म्हणतात,
"घावला बघा तुमचा जोड."

तो पोरगा आला नाही.
आज सकाळी झाडताना
मधल्या पायरीवर, धुळीत, एक ठसा होता.
अर्धाच. टाच कुठली, चवडा कुठला,
चढणारा की उतरणारा,
काही कळेना.

मी चढणारा धरला
आणि अर्धं उघडलेलं शटर
पुरतं वर केलं.