खिडकी क्रमांक चार

कुत्र्यांचा कर माझ्या खिडकीत भरतात.
डॅशहुंडला वर्षाचे एकशेवीस युरो.
पूडललाही तेवढेच,
केस कापणारी महिन्याला साठ घेते, ते वेगळं.
बुलडॉगच्या प्रत्येक श्वासाचं बिल डॉक्टरकडे.
ग्रेट डेन अख्खा पगार खातो
आणि आठव्या वर्षी निघून जातो.

आज इर्मट्राउट केटलर आल्या,
उत्तर समुद्राचं वारं केसांत घेऊन.
हातात कपडे वाळवायची दोरी,
दोरीच्या टोकाला
रुंद डोक्याचा, दीड कानाचा कुत्रा.

"जात?"
"गोदीत सापडला."

यादीत गोदी नाही.
यादीत धोकादायक जाती आहेत, नऊशे युरोंच्या.
जबडा बघायचा, छाती बघायची,
आणि आपणच ठरवायचं कोण कोणाचा.

बाईंनी नाणी मोजली. परत मोजली.
पाठ माझ्याकडे करून तिसऱ्यांदा.
तेवढ्यात कुत्र्यानं कट्ट्यावर हनुवटी टेकवली,
माझा शिक्का हुंगला
आणि शिंकला.

मी लिहिलं: मिश्र.
रंग, भिजलेल्या विटेचा.
साहेब विचारतील तर विचारू देत.
कागदावर शाई थोडी फुटलीय,
शिंकेमुळे.