समुद्रकाठची गाडी

कंपनीचं पत्र आलं पोळ्याच्या आदल्या दिवशी.
रंगारी पोस्टमननं माझ्या वॉशिंग सेंटरवरच वाचून दाखवलं :
मार्च ते ऑगस्टमध्ये तयार झालेली वाहनं
परत बोलावण्यात येत आहेत,
ब्रेकच्या नळीत दोष आढळला आहे,
होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.
इतकं गोड आमच्याशी आजवर कोणी बोललं नव्हतं.

गाडी सुधाकर तायडेची, छोटा हत्ती.
मागच्या फळक्यावरच्या 'आईचा आशीर्वाद'मधले
दोन्ही 'आ' गंजानं खाल्लेले.
युरियाची पोती वाहिली तिनं, हरभरा वाहिला,
एकदा तर आख्खी वरात, बँडसकट.
दर अमावास्येला मी धुतो तिला बोअरच्या पाण्यानं.
वाळली की पत्र्यावर पांढरी रांगोळी उमटते.
पुसतो.
पुन्हा उमटते.

अकोल्याला दोघंही गेलो.
शोरूमचं पोरगं, बुटाला माती नाही,
गाडी वर चढवून खालून बॅटरी मारली,
हातोडीनं जराशी टिचकी दिली
आणि चेसिसचा पापुद्रा पापडासारखा
त्याच्या तळहातावर आला.
"काका, गाडी समुद्रकाठी चालवता का?"

आखाडीपासून सुधाकर पहिल्यांदा हसला.
"बापू, आमचा समुद्र खाली हाय.
दोनशे फुटांवर. मोटार लावली का वर येते."

नळी बदलून दिली, फुकट.
गंज कागदात बसत नाही म्हणे.
'वापराचा दोष' लिहून खाली सही घेतली.
"वापरली तं हायेच," सुधाकर म्हणाला
आणि पेन खिशाला लावून निघाला. पोरानं मागून घेतलं.

येताना सरकारी दवाखान्यापाशी थांबलो.
मंगळवार-शुक्रवार त्याच्या भावाचं,
पुंजारामचं, रक्त धुतात तिथं.
माझाच धंदा, पण
त्यांच्या मशीनला पाणी गोडं लागते.
पुंजाराम दोघांच्या मधात बसला,
सुजले पाय गिअरपासून जपून वळवत.
"काय म्हणते कंपनी?"
सुधाकर आरशात पाहत राहिला.
मीच म्हटलं, "ब्रेक आता चांगला लागते."

पूर्णेच्या पुलावर, मागंपुढं कोणी नव्हतं,
सुधाकरनं एकदा मारून दाखवला.
गाडी जागच्या जागी उभी.
पुंजाराम म्हणाला, "वा!"
आणि खालून, फळ्यांच्या सांदीतून,
लाल भुकटी डांबरावर सांडत राहिली
थोडा वेळ, गाडी थांबल्यावरही.