बावन्न वजा चौदा

नंदनवनातल्या दोन खोल्या. कूलरच्या तोंडाशी
ओल्या टॉवेलात गुंडाळलेला वीस लिटरचा जार.
दर आठ सेकंदांनी गुडूक.
मग बारा सेकंदांनी. मग मी मोजणं सोडलं.

मोजायला माझ्याकडे बाबांचा लॅक्टोमीटर आहे.
महानगरपालिकेत बत्तीस वर्षं, पहाटे पाचला
पाचपावलीच्या पुलाखाली सायकली अडवून
ते तो कॅनमध्ये सोडायचे.
"काच नाव वाचत नाही," म्हणायचे,
आणि एकदा सख्ख्या साडभावाचं दूध नालीत ओतलं.
आई दोन वर्षं बहिणीकडे गेली नाही.

त्याची पट्टी चाळिसाला संपते. दुधाला पुरते तेवढी.
माझं माल्टचं पाणी, उकळून निवलेलं, गव्हाळ, चिकट,
त्यात काच दांड्यासकट वर आली,
आकडे सगळे हवेत.
वरच्या मजल्यावरचा रूपचंद उईके आयटीआयमध्ये शिकवतो.
म्हणाला, "काऊन घाबरून राहिला बे?
निम्मं पाणी टाक, आकडा दुप्पट कर."

निम्मं पाणी.
मी दार लावून घेतलं.
अर्धा पेला ते, अर्धा पेला नळाचं,
इतकं काटेकोर की कुठल्या गवळ्यानं केलं नसेल.
तेवीस.
काचेवर लिहिलंय, साठ फॅरनहाइटला वाचा.
साठ फॅरनहाइट नागपुरात
जानेवारीत, पहाटे, तेही गच्चीवर.
आता मार्च. उष्म्याचे तीन मिळवले. सव्वीस. दुणे बावन्न.
त्यांच्याच डायरीत लिहिलं,
जिथे शेवटची नोंद आहे: भोयर, कॅन दोन, पाणी शेकडा अठरा.

यीस्ट पहिले तीन दिवस आधाशासारखं जेवलं,
फेस टोपणातून बाहेर.
मग पंगतीत मागे रेंगाळणाऱ्या म्हाताऱ्यासारखं,
एकेक घास.
सोळाव्या दिवशी थांबलं.
अकरा, आणि उष्म्याचे तीन. चौदा.
बावन्नातले अडतीस गेले, त्यांची दारू झाली,
शेकडा पाच, कागदावर.
चौदा उरले. ती साखर त्याला पचतच नाही.
"म्हणून तर चव राहते," उईके म्हणाला,
"नाही तर नुसतं कडू पाणी."

स्टीलच्या ग्लासांत प्यालो.
केळ्याचा वास येत होता, उन्हानं यीस्ट बिथरलेलं.
"चढते का?"
"शेकडा पाच."
"ते नाही विचारलं बे."

बाबा थेंबही घ्यायचे नाहीत.
शेवटच्या आठवड्यातले त्यांचे आकडे मला पाठ आहेत,
सोडियम, साखर, रात्री तीनची नाडी.
त्याआधीचा एकही नाही.

काच धुतली. कापसात गुंडाळून डबीत ठेवली.
भोयरच्या खाली, माझ्या नावापुढे, चौदा लिहिलं.
शेजारी रकाना होता, पाणी किती.
खरं तेच लिहिलं.
निम्मं.