उलटी बाजू

नायना गिऱ्हाइकाला चादर आधी उलटी दाखवायचे.
सरळ बाजू कोणीही सरळ ठेवतं, म्हणायचे.
त्यांचा माग भंगारात गेला त्या साली
मी दाजी पेठेत बाइंडिंगच्या दुकानात
खळ शिजवायला लागले, मोरचूद घालून,
आणि पुस्तकंही मागून बघायची खोड लागली.

वाचनालयाचे गठ्ठे येतात उन्हाळ्यात,
वर पत्रा तडतडत असतो
आणि खळ बोटावरच वाळते.
एकेकाचा कणा सोडवते.
कोण कुठे झिजलंय ते तिथं कळतं.

पाकशास्त्राच्या चौऱ्याऐंशीव्या पानावर तेल.
बाईंनी लिहिलंय, ‘हे मला तीनदा जमलं नाही.’
त्या ओळीपासून मी मीठ त्यांच्याच मापानं घालते.
भुताच्या गोष्टी लिहिणारा
आमच्या आधी स्वतः घाबरलाय,
वाक्यांना धाप लागलीय त्याच्या.
प्रेमकविता गुळगुळीत कागदावर,
एक पान कुणी दुमडलेलं नाही.
मीच दुमडलं एक, बिचारीला बरं वाटावं म्हणून.
कुणा पुढाऱ्याचं आत्मचरित्र चुकून गठ्ठ्यात आलेलं,
शिवण पहिल्या दिवसासारखी. परत पाठवलं.

आणि विहिरी खणण्यावर एक पातळ पुस्तिका.
सगळे खडक, सगळे थर समजावून झाल्यावर
मास्तर शेवटी लिहितात:
‘तरी इथे पाणी लागेलच, असं मी सांगू शकत नाही.’
ती मी घरी नेली.

नायनांना मराठी वाचता यायचं नाही, ऐकून कळायचं.
डोळे मिटून ऐकायचे
आणि मध्येच विचारायचे, निजमेना?
म्हणजे, खरं का?
मला लहानपणी वाटायचं, झोप आलीय त्यांना.
त्या पुस्तिकेला मी म्हटलं, हो, निजमे.
मग झोपलेही.

मार्चात एक रहस्यकथा आली.
शेवटची सोळा पानं नाहीत.
त्या जागी वहीचे चार कागद, टाचणीनं अडकवलेले.
‘पुस्तक माझ्याकडं आसताना नातवानं पानं फाडली.
दुसरी प्रत गावात मिळाली नाही.
खून कोणी केला मला ठाऊक नाही.
मला जो योग्य वाटला तो शेवट लिहला आहे.
पसंत नसल्यास चाळीस रुपये भरतो.
गुरुसिद्ध म्हेत्रे, रिटायर जॉबर.’

कादंबरी विलायतेत घडते. धुकं, घोडागाड्या.
म्हेत्र्यांच्या शेवटात खुनी सापडत नाही कुणाला.
तो पहाटे उठतो, दाढी करतो,
तुळजापूर वेशीवरनं चालत चौकीवर जातो.
हवालदार म्हणतो, बसा, चहा घ्या.
तो म्हणतो, चहा राहू द्या, आधी माझं ऐका.
पश्चात्तापात एक त कमी.

ग्रंथपाल तडवळकर म्हणाले, काय हे? काढा,
कोरी पानं घाला.
मी मान हलवली, हो की नाही कळू नये अशी.

रात्री नायनांना वाचून दाखवलं.
मी थांबले, ते विचारतील म्हणून.
त्यांनी नुसता हात पुढे केला. उलटी बघू.
कागद पालथा करून दिला.
बॉलपेन इतकं दाबून चालवलेलं
की पाठीमागनं प्रत्येक अक्षर वर आलेलं.
ज्यांनी कधी बाराखडी गिरवली नाही
ते त्यावरनं बोट फिरवत राहिले,
चादरीची वीण बघतात तसे,
एकेक ओळ, शेवटच्या सहीपर्यंत.

सकाळी मी कागदांना मलमलची पट्टी लावली.
दोरा दुहेरी घेतला, मेणातून ओढला
आणि शिवलं असं
की काढायचं तर अख्खं पुस्तक उसवावं लागेल.

चाळीस रुपये कोणी मागितले नाहीत.
तारखांचा कागद भरत आलाय म्हणे.
नवा चिकटवायला येईलच ते, माझ्याकडे.